इंग्रजी नामाचे प्रकार : एका वर्गीकरणाचा इतिहास

१

इंग्रजी व्याकरणाचे जुने शालेय पुस्तक उघडले की नामाच्या प्रकरणात पाच प्रकार हटकून भेटतात : विशेषनाम, सामान्यनाम, समूहवाचक नाम, पदार्थवाचक नाम आणि भाववाचक नाम. भारतात इंग्रजी शिकलेल्या कित्येक पिढ्यांनी ही यादी उदाहरणांसह मुखोद्गत केली आहे. ती इतकी परिचित झाली आहे की ती कोणी केली, केव्हा केली आणि कशासाठी केली हे प्रश्न सहसा कोणाला सुचत नाहीत. इंग्रजी भाषेचे निरीक्षण करता करता व्याकरणकारांना हे पाच प्रकार आढळले असावेत, असेच आपण गृहीत धरून चालतो.

इतिहास मात्र निराळे सांगतो. या यादीचा काही भाग ग्रीक तत्त्वचिंतनातून आला, काही भाग लॅटिनच्या पाठशाळेतून आला, आणि तिला आजचे रूप मिळाले ते एकोणिसाव्या शतकातील तर्कशास्त्राच्या छायेत. इंग्रजी नामाचा स्वतःचा स्वभाव तिच्यात अगदी थोडा उतरला. ज्या दोन गोष्टींवाचून इंग्रजीत नाम वापरताच येत नाही, त्या म्हणजे उपपद आणि वचन. आणि नामांच्या वर्गीकरणात त्यांचा विचार विसाव्या शतकापर्यंत जवळजवळ झालाच नाही.

हा वाद केवळ परिभाषेचा आहे असे समजण्याचे कारण नाही. पाचही प्रकार बिनचूक सांगणारा विद्यार्थी पुढच्याच ओळीत ‘फर्निचर’ या शब्दाचे अनेकवचन करतो, ‘ॲडव्हाइस’पूर्वी ‘ॲन’ लावतो आणि जेथे ‘द’ हवे तेथे काहीच लिहीत नाही. त्याच्या स्मरणशक्तीत दोष नसतो. त्याला जे वर्गीकरण शिकविले गेले, त्यात या प्रश्नांची उत्तरेच नव्हती. ती का नव्हती, याचा शोध घेण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

२

नामाचा विचार युरोपात व्याकरणापूर्वी तत्त्वज्ञानात सुरू झाला. प्लेटो आणि ॲरिस्टॉटल यांनी वाक्याचे दोन घटक मानले : ज्याविषयी बोलावयाचे ते नाम आणि जे बोलावयाचे ते आख्यात. स्टोइक विचारवंतांनी या नामाची आणखी चिकित्सा केली. क्रिसिपस आणि त्याचे अनुयायी यांच्या मते ‘सॉक्रेटिस’ आणि ‘मनुष्य’ हे दोन शब्द एकाच जातीचे नव्हेत. पहिला एका व्यक्तीचा खास धर्म दाखवितो, दुसरा अनेकांत असणारा समान धर्म दाखवितो. म्हणून त्यांनी विशेषनाम आणि सामान्यनाम यांना नामाचे दोन पोटभेद न मानता दोन स्वतंत्र शब्दजाती मानले.

अलेक्झांड्रियाच्या व्याकरणकारांनी हा भेद स्वीकारला, पण त्याची जागा बदलली. डायोनिसियस थ्राक्स याच्या नावावर जे लहानसे ग्रीक व्याकरण प्रसिद्ध आहे, त्यात शब्दांच्या आठ जाती सांगितल्या असून नाम ही त्यांपैकी एक आहे. ज्याला विभक्ती लागते आणि जे एखादा मूर्त पदार्थ किंवा अमूर्त विषय, सामान्यपणे किंवा विशेषत्वाने, सांगते ते नाम, अशा आशयाची व्याख्या त्यात आहे. मूर्त आणि अमूर्त, सामान्य आणि विशेष ही दोन्ही द्वंद्वे येथे एकाच वाक्यात आली आहेत. त्याखाली नामांचे वीसहून अधिक पोटभेद दिले आहेत, आणि एकवचनात राहून अनेकांचा बोध करून देणारे समूहवाचक नामही त्यांत आहे. दोन सहस्रकांनंतर शाळेत पाठ होणाऱ्या पाच प्रकारांपैकी चारांची बीजे येथे स्पष्ट दिसतात.

रोमने हा वारसा जसाच्या तसा उचलला. चौथ्या शतकातील डोनाटस आणि इ. स. ५०० च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपल येथे अध्यापन करणारा प्रिशियन यांच्या ग्रंथांनी मध्ययुगीन युरोपला व्याकरण शिकविले. परंतु ग्रीकातून लॅटिनमध्ये येताना एक गोष्ट गळून पडली. ग्रीक भाषेत उपपद आहे आणि ग्रीकांनी ते स्वतंत्र शब्दजाती म्हणून मोजले होते. लॅटिनमध्ये उपपद नाही. आमच्या भाषेला उपपदांची गरज नाही, असे क्विंटिलियनने पहिल्या शतकातच नोंदविले होते. आठाची संख्या कायम राखण्यासाठी रोमन व्याकरणकारांनी उपपदाच्या जागी उद्गारवाचकाला बसविले. लॅटिनपुरती ही व्यवस्था निर्दोष होती. मात्र पुढे ज्या भाषांत उपपदे होती, त्यांनाही हाच आरसा मिळाला, आणि त्या आरशात उपपद दिसण्याची सोयच नव्हती.

३

इंग्लंडमध्ये या परंपरेचा पहिला मोठा दुभाषी म्हणजे ॲल्फ्रिक हा भिक्षू. त्याने इ. स. १००० च्या सुमारास लॅटिनचे व्याकरण आपल्या विद्यार्थ्यांसाठी प्राचीन इंग्रजीत लिहिले. नामाला त्याने ‘नामा’ हाच देशी शब्द योजिला आणि नामाने आपण सर्व वस्तूंना एकेकट्या किंवा समानपणे संबोधितो, असे सांगितले. एकेकट्या नावाची उदाहरणे देताना त्याने एडगर आणि एथेलवोल्ड या आपल्या देशातील राजाचे व बिशपचे नाव घेतले, आणि लगोलग सामान्यनामाची उदाहरणे म्हणून ‘राजा’ व ‘बिशप’ हेच शब्द दिले. एवढ्या अल्प शब्दांत विशेष आणि सामान्य यांचा संबंध क्वचितच कोणी दाखविला असेल.

ॲल्फ्रिकच्या काळचे इंग्रजी नाम आजच्या नामाहून फार निराळे होते. त्याला तीन लिंगे होती आणि विभक्तीचे प्रत्यय होते. सूर्यवाचक ‘सुन्ने’ स्त्रीलिंगी, चंद्रवाचक ‘मोना’ पुल्लिंगी आणि स्त्रीवाचक ‘वीफ’ हा शब्द चक्क नपुंसकलिंगी होता. लॅटिनचा साचा त्या भाषेला पुष्कळसा जुळत होता, असे म्हणावयास हरकत नाही. पण पुढील तीन-चार शतकांत हे सर्व झडून गेले. लिंगभेद लोपला, विभक्ती विरल्या, आणि नामाच्या अंगावर अनेकवचनाचा व षष्ठीचा प्रत्यय एवढीच चिन्हे उरली. याच काळात दुसरी एक घटना घडत होती. ‘एक’ या अर्थाच्या संख्यावाचकातून ‘अ’ व ‘ॲन’, आणि जुन्या दर्शक सर्वनामातून ‘द’, अशी उपपदे स्थिरावत होती. नामाच्या शेवटी असलेली व्यवस्था मोडली आणि नामाच्या आरंभी नवी व्यवस्था उभी राहिली.

ही नवी व्यवस्था दृष्टीस पडावी अशी स्थिती तेव्हाच्या पाठशाळांत नव्हती, कारण तेथे व्याकरण म्हणजे लॅटिनचे व्याकरण. विल्यम लिली याच्या नावाने प्रसिद्ध असलेले व्याकरण १५४० च्या सुमारास आठव्या हेन्रीच्या आज्ञेने सर्व शाळांसाठी नेमण्यात आले. त्यात नामाचे दोन भेद होते : स्वतःच्या बळावर उभे राहणारे आणि दुसऱ्याच्या आधाराने उभे राहणारे. दुसरे म्हणजे आपण ज्याला विशेषण म्हणतो ते. लॅटिनमध्ये विशेषणालाही नामासारखीच लिंग, वचन, विभक्ती लागते, म्हणून तेथे ही जोडी स्वाभाविक होती. इंग्रजीत विशेषणाला यांतले काहीही लागत नाही. तरीही इंग्रजीत लिहिणारे व्याकरणकार दीर्घकाळ विशेषणाला नामातच मोजत राहिले. इंग्रजीचे पहिले मुद्रित व्याकरण विल्यम बुलोकर याने १५८६ मध्ये प्रसिद्ध केले. तेही लिलीच्याच सांगाड्यावर उभे आहे. आपली भाषा नियमरहित नाही, तिलाही व्याकरण आहे, हे त्याला सिद्ध करावयाचे होते. आणि ते सिद्ध करण्याचा एकच मान्य मार्ग होता, तो म्हणजे ती लॅटिनसारखी आहे असे दाखविणे.

या मार्गाला पहिला खंबीर विरोध करणारा मनुष्य गणिती होता, ही गोष्ट अर्थपूर्ण वाटते. ऑक्सफर्ड येथे भूमितीचे अध्यापन करणाऱ्या जॉन वॉलिस याने १६५३ मध्ये इंग्रजीचे व्याकरण लिहिले. इंग्रजी शिकू इच्छिणाऱ्या परदेशीयांचाही विचार त्यात असल्याने ते लॅटिन भाषेत होते. इंग्रजी नामाला लिंगभेद नाही आणि लॅटिनच्या अर्थाने विभक्तीही नाहीत, असे त्याने स्पष्ट सांगितले. षष्ठीच्या रूपालाही त्याने विशेषण मानले. लॅटिनचा साचा इंग्रजीवर लादल्याने नसलेली गुंतागुंत निर्माण होते, हा त्याचा मुद्दा अचूक होता. पण शाळांनी वॉलिसला अनुसरले नाही.

४

अठराव्या शतकात इंग्रजीची व्याकरणे विपुल निघाली. जोसेफ प्रीस्टली याचे व्याकरण १७६१ मध्ये, रॉबर्ट लोथ याचे १७६२ मध्ये आणि लिंडली मरे याचे १७९५ मध्ये प्रसिद्ध झाले. विशेषण आता नामापासून वेगळे काढण्यात आले आणि उपपदाला स्वतंत्र शब्दजातीचे स्थान मिळाले. लोथने उपपदाविषयी जे लिहिले आहे ते आजही वाचण्याजोगे आहे. उपपद सामान्यनामाच्या व्याप्तीला मर्यादा घालते, आणि उपपदावाचून आलेले नाम आपल्या सर्वांत विस्तृत अर्थाने घेतले जाते, असे त्याने पाहिले होते. मात्र सर्व नामे उपपदाशी एकसारखी वागत नाहीत, आणि त्यांच्या वागण्यातील या भेदावरून नामांचे प्रकार पाडता येतील, हे पुढचे पाऊल त्याने टाकले नाही.

मरे हा अमेरिकेतून येऊन यॉर्क येथे स्थायिक झालेला क्वेकर पंथीय वकील. मुलींच्या एका शाळेसाठी त्याने लिहिलेले व्याकरण अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर प्रमाण मानले गेले. त्यात नामाचे मुख्य विभाग दोनच आहेत, विशेष आणि सामान्य. समूहवाचक व भाववाचक नामांना दुय्यम स्थान आहे. म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पाचांची यादी पाठ्यपुस्तकांत रूढ झालेली नव्हती.

याच शतकातील इंग्रजी वाङ्मयावर मात्र नामभेदाचा ठसा उमटलेला दिसतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जवळजवळ प्रत्येक नामाचे आद्याक्षर मोठे छापण्याची चाल मुद्रकांत वाढली होती, आणि ती अठराव्या शतकाच्या मध्यानंतर ओसरली. त्या छपाईत भाववाचक नाम आणि व्यक्तीचे नाव यांत डोळ्यांना फरक जाणवत नसे. आशा, मत्सर, विस्मृती या भावनांना व्यक्तींप्रमाणे वावरविणाऱ्या काव्यपद्धतीला हे मुद्रणही पोषक ठरले असल्यास नवल नाही. सॅम्युअल जॉन्सनच्या ‘रासेलस’ या १७५९ च्या कथेत इमलॅक म्हणतो की कवीचे लक्ष व्यक्तीवर नसून जातीवर असावे, फुलाच्या पाकळीवरील रेघा मोजणे हे त्याचे काम नव्हे. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर कवीचे क्षेत्र सामान्यनामाचे आहे, असाच हा पक्ष आहे. वर्ड्‌स्वर्थने १८०० मधील आपल्या प्रसिद्ध प्रस्तावनेत भाववाचक कल्पनांच्या मानवीकरणाला आपल्या कवितेत क्वचितच स्थान असल्याचे सांगितले, तेव्हा तो एका अलंकाराबरोबरच नामाच्या एका वापरालाही निरोप देत होता. नामांचा अर्थाधिष्ठित विचार निरुपयोगी होता असे कोणी समजू नये, यासाठी ही उदाहरणे घेतली. मूर्त व अमूर्त, विशेष व सामान्य हे भेद वाङ्मयसमीक्षेला आवश्यकच आहेत. प्रश्न एवढाच की इंग्रजी वाक्य रचण्यासाठी ते पुरेसे आहेत काय.

५

पाचांची यादी आकारास आली ती एकोणिसाव्या शतकात, आणि तिच्यामागे तर्कशास्त्र उभे होते. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथाचा आरंभच नावांच्या विवेचनाने केला आहे. नावे सामान्य असतात किंवा एकव्यक्तिवाचक, मूर्त असतात किंवा अमूर्त. समूहाचे नाव आणि जातीचे नाव यांत घोटाळा करू नये, कारण पलटणीचे नाव त्या पलटणीतील प्रत्येक शिपायाला लावता येत नाही. विशेषनाम केवळ निर्देश करते, गुण सुचवीत नाही, हा त्याचा सिद्धान्त तर पुढील शंभर वर्षे वादाचा विषय झाला. आपल्याकडे इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील पतंजलीच्या महाभाष्यात जातिशब्द, गुणशब्द, क्रियाशब्द आणि यदृच्छाशब्द अशी शब्दांची चतुर्विध प्रवृत्ती सांगितली आहे. त्यातील यदृच्छाशब्द म्हणजे कोणी आपल्या इच्छेने ठेवलेले नाव. मिलच्या विशेषनामाशी त्याचे साम्य सहज ध्यानात येईल. दोन्ही ठिकाणी विचार चालला आहे तो शब्द व पदार्थ यांच्या संबंधाचा. असा विचार भाषेगणिक बदलत नाही, तो कोणत्याही भाषेला लागू पडतो. आणि म्हणूनच एखाद्या विशिष्ट भाषेतील नामांच्या वर्तनाविषयी तो फारसे काही सांगू शकत नाही.

मिलचा सहकारी अलेक्झांडर बेन हा ॲबर्डीन येथे तर्कशास्त्र व इंग्रजी हे दोन्ही विषय शिकवीत असे आणि त्याने इंग्रजीची व्याकरणेही लिहिली. अशा ग्रंथांतून नामांच्या वर्गीकरणात तर्कशास्त्राची परिभाषा शिरली. भारतात ती घरोघर पोचविली ती जे. सी. नेसफील्ड याने. तो वायव्य प्रांत व अयोध्या या प्रदेशाच्या शिक्षणखात्याचा प्रमुख होता, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात निघालेली त्याची व्याकरणमाला भारतीय शाळांत दीर्घकाळ चालली. त्याच्या मांडणीत नामे प्रथम मूर्त आणि अमूर्त अशी विभागली आहेत. मूर्त नामांचे विशेष, सामान्य, समूहवाचक व पदार्थवाचक असे चार भेद, आणि अमूर्त म्हणजे भाववाचक हा पाचवा. पुढे १९३५ मध्ये रेन व मार्टिन यांचे व्याकरण आले. त्यातील पी. सी. रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम केलेला गृहस्थ. ‘बो जेस्ट’ या १९२४ च्या साहसकथेचा लेखकही तोच. या पुस्तकाने शब्दजातींची ओळख, त्यांचे प्रकार आणि त्यांवरील स्वाध्याय ही पद्धती दृढ केली.

ही पद्धती इतकी का टिकली, हे समजण्यासारखे आहे. वर्गात साठ मुले, परीक्षेला एक प्रश्न, आणि उत्तर बरोबर की चूक हे क्षणात ठरविता येते. ‘आर्मी’ हे समूहवाचक, ‘गोल्ड’ हे पदार्थवाचक, ‘करेज’ हे भाववाचक : यात शिक्षकालाही शंका नाही आणि परीक्षकालाही नाही. पण या उत्तराचा इंग्रजी लिहिण्याशी संबंध काय, हा प्रश्न मागे राहिला. ‘आयडिया’ आणि ‘इन्फर्मेशन’ ही दोन्ही भाववाचक नामे. पहिल्याचे अनेकवचन होते, त्याला ‘ॲन’ लागते, दुसऱ्याचे यांपैकी काहीच होत नाही. ‘फर्निचर’ हा शब्द तर पाचांपैकी कोठे बसवावा? खुर्च्या-टेबले मूर्त आहेत, मोजता येतात, त्यांचा समूहही होतो. परंतु ‘कमिटी’चे अनेकवचन होते तसे ‘फर्निचर’चे होत नाही. आणि ‘ग्लास’ हे पदार्थवाचक नाम ‘अ’ लागताच काच न राहता पेला होते, ‘आयर्न’ लोखंड न राहता इस्तरी होते, आणि ‘ब्यूटी’ हे भाववाचक नाम सौंदर्य सोडून सुंदर स्त्री होते. एवढे स्थित्यंतर एका लहानशा उपपदाने घडते, आणि पाचांच्या यादीत त्याला स्थान नाही.

६

हे स्थान प्रथम ज्याने दिले तो इंग्रज नव्हता. ओट्टो येस्पर्सन हा डेन्मार्कचा विद्वान. त्याचे ऐतिहासिक पद्धतीने लिहिलेले इंग्रजीचे व्याकरण १९०९ ते १९४९ या काळात सात खंडांत प्रसिद्ध झाले. १९१४ च्या दुसऱ्या खंडात वचनाचा विचार करताना त्याने नामांचे गणनीय आणि अगणनीय असे दोन गट केले. काही शब्द ठराविक आकाराची, सीमा असलेली वस्तू मनासमोर आणतात. काही शब्द सीमारहित राशी सुचवितात. या दुसऱ्या गटात त्याने रुपे व पाणी यांच्याच रांगेत फुरसत आणि संगीत यांना बसविले. मूर्त आणि अमूर्त यांच्यामधील ती दोन हजार वर्षांची भिंत त्याने येथे ओलांडली. वस्तू हाताला लागते की नाही हे इंग्रजी वाक्याला विचारावयाचे नसते. तिला भाषेने सीमा मानली आहे की नाही, एवढेच त्याला हवे असते.

ही सीमा भाषा मानते, निसर्ग नव्हे, याचा पुरावा खुद्द इंग्रजीच्या इतिहासात आहे. वाटाण्याला पूर्वी ‘पीझ’ हा शब्द होता आणि तो धान्याच्या राशीसाठी एकवचनी वापरीत. त्याच्या शेवटचा ध्वनी अनेकवचनाच्या प्रत्ययासारखा वाटल्यामुळे सतराव्या शतकात लोकांनी तो काढून टाकला आणि ‘पी’ हे नवे एकवचन बनविले. वाटाणा होता तसाच राहिला. राशी होती तिचे दाणे झाले. उलट ‘न्यूज’ हा शब्द रूपाने अनेकवचनी असून एकवचनी क्रियापद घेऊ लागला. ‘गव्हर्नमेंट’सारख्या समूहवाचक नामापुढे ब्रिटनमध्ये अनेकवचनी क्रियापद सहज चालते, अमेरिकेत बहुधा एकवचनीच योजतात.

येस्पर्सनचा विचार विद्यार्थ्याच्या हाती पोचविला तो ए. एस. हॉर्नबी याने, आणि तोही इंग्लंडबाहेरून. जपानमध्ये इंग्रजी शिकविताना त्याने सहकाऱ्यांसह तयार केलेला कोश १९४२ मध्ये टोकिओ येथे निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा प्रसिद्ध केला. त्यात गणनीय आणि अगणनीय अर्थ चिन्हांनी वेगळे दाखविले होते. जपानी भाषेत उपपदे नाहीत. इंग्रज मूल जे ऐकून शिकते ते जपानी विद्यार्थ्याला कोणी तरी सांगावे लागते. आणि सांगावयाचे म्हटले की प्रथम ते स्वतःला कळावे लागते. वॉलिसपासून हॉर्नबीपर्यंत इंग्रजी नामाचा स्वभाव ज्यांनी ओळखला, त्यांच्यासमोर बहुधा परका वाचक होता, किंवा येस्पर्सनप्रमाणे ते स्वतःच परके होते.

अमेरिकेत लेनर्ड ब्लूमफील्डने १९३३ मध्ये हीच दिशा अधिक काटेकोर केली. एकवचनात उपपदासारखा निर्धारक शब्द ज्यांना आवश्यक असतो ती सीमित नामे, ज्यांना तो आवश्यक नसतो ती असीमित, अशी त्याची विभागणी आहे. चार्ल्स फ्राइस याने १९५२ मध्ये सुमारे ५० तासांच्या ध्वनिमुद्रित संभाषणांवरून इंग्रजी वाक्याचे वर्णन केले आणि ‘नाम’ ही संज्ञाच टाळून वाक्यातील जागेवरून शब्दांचे वर्ग पाडले. रँडॉल्फ क्वर्क व त्याचे सहकारी यांच्या १९८५ च्या बृहद्व्याकरणात अखेर समन्वय दिसतो. तेथे विशेषनामे निराळी, सामान्यनामांत गणनीय व अगणनीय हा मुख्य भेद, आणि मूर्त-अमूर्त हा त्याला छेदून जाणारा दुय्यम भेद. रेन व मार्टिन यांच्या अलीकडच्या आवृत्त्यांतही गणनीय व अगणनीय नामांचा उल्लेख आला आहे. परंतु तो जुन्या यादीला जोडलेल्या पुरवणीसारखा आहे.

७

या इतिहासाचा मराठीशी संबंध दुहेरी आहे. मराठी विद्यार्थी इंग्रजी शिकताना अडखळतो तो सीमा मानण्याच्या या भेदामुळे. आपण तांदूळ निवडतो तेव्हा ते अनेकवचनी असतात आणि भात शिजतो तेव्हा तो एकवचनी होतो. इंग्रजीत दोहोंना ‘राइस’ हा एकच अगणनीय शब्द आहे. आपले केस गळतात, त्यांचे ‘हेअर’ गळते. आपल्या बातम्या अनेक, सल्लेही अनेक. त्यांचे ‘न्यूज’ आणि ‘ॲडव्हाइस’ मोजता येत नाहीत. ‘सल्ला’ हे भाववाचक नाम आहे एवढे कळून येथे काही साधत नाही. कोणत्या भाषेने कोठे सीमा आखली आहे, हेच शिकविले पाहिजे.

दुसरा संबंध मराठी व्याकरणाचा. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाची पद्धती त्यांच्यासमोर होती. सामान्यनाम, विशेषनाम आणि भाववाचक नाम हे आपल्या शाळांत रूढ झालेले तीन प्रकार त्याच अर्थाधिष्ठित परंपरेतील आहेत. परंतु मराठीचे स्वतःचे वर्तन याहून बोलके आहे. ‘शोभेची दारू’ आणि ‘शोभाची वही’ ही दोन रूपे पाहावीत. शब्द एक, लिंग एक, अंत्य स्वर एक. पण सामान्यनामाचे सामान्यरूप होते आणि मुलीच्या नावाचे होत नाही. ‘आशेने’ आणि ‘आशाने’, ‘प्रतिभेचा’ आणि ‘प्रतिभाचा’ यांतही तोच नियम आहे. विशेषनाम आणि सामान्यनाम यांचा भेद मराठीने असा प्रत्ययापूर्वीच्या स्वरात नोंदवून ठेवला आहे, आणि शालेय व्याकरण मात्र तो केवळ अर्थावरून समजावून देते.

नामांच्या प्रकारांची जुनी यादी टाकून द्यावी, असा या विवेचनाचा अर्थ नाही. तिच्यात स्टोइकांची सूक्ष्मता आहे, मिलचा विवेक आहे, आणि वाङ्मयाचा विचार करताना तिचा आधार पुढेही घ्यावा लागेल. मात्र ती विचाराची यादी आहे. इंग्रजीची नव्हे आणि मराठीचीही नव्हे. प्रत्येक भाषा आपली नामे आपल्या रीतीने वेगळी करते : एक उपपदाने आणि वचनाने, दुसरी लिंगाने आणि सामान्यरूपाने. व्याकरणाने प्रथम ही रीत सांगावी आणि मग तिच्यामागील अर्थाकडे वळावे. हा क्रम उलटा धरल्यामुळे बुलोकरपासून नेसफील्डपर्यंतच्या तीन शतकांत इंग्रजी नामावर पुष्कळ लिहिले गेले, आणि ते वापरावे कसे हे विचारणारा विद्यार्थी मात्र पाठांतराजवळच थांबला.